चोच का वाढते, हे कुणी तपासेचना

आमच्या कॉकाटीलची (हा तुरा असलेला छोटा पोपट) वरची चोच घासून आणली की लगेच पुन्हा वाढायला लागायची. त्यापायी एका दवाखान्यात जे खेटे घातले, त्याचा राग अजून गेलेला नाही. दर वेळी तेच: पक्षी टॉवेलात गुंडाळायचा, चोचीचं टोक घासायचं, पुढची तारीख द्यायची. पुन्हा का वाढते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पोपटांचं असतंच तसं."

नसतं तसं! चोच आयुष्यभर वाढते हे खरं, पण खाताना, लाकूड कुरतडताना ती झिजतेही. झोपण्याआधी पोपट चोच करकर घासतात, त्यानेही झिजते. (त्या आवाजाला घाबरू नका, पक्षी निवांत असल्याची ती खूण.) निरोगी पोपटाची चोच सहसा कापावी लागतच नाही.

मी रक्त तपासा म्हणत राहिले. काउंटरवर सांगायचे, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणायचे, एवढ्याशा जिवाचं रक्त कुठून काढायचं? कॉकाटीलचं वजन साधारण 90 ग्रॅम. निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत रक्त घेणं सुरक्षित मानतात आणि तपासणीला त्याहून कमी पुरतं. त्याच्या चोचीवर रक्त साकळल्यासारखे काळपट डाग होते. तेही मी बोट ठेवून दाखवले. "आपटली असेल." तिथल्या बाकावर ताटकळताना माझा किती संताप व्हायचा, सांगता येणार नाही.

शेवटी फक्त पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नंबर लागला. त्यांनी डाग बघताच यकृताची तपासणी सांगितली. यकृतावर चरबी निघाली, चोच वाढण्याचं मूळ तेच. आधीच्या घरी तो निव्वळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढला होता. औषध सुरू झालं, बिया हळूहळू कमी करून पेलेट (पक्ष्यांचं तयार दाणेदार खाद्य), गाजर आणि हिरव्या पालेभाज्या आल्या. हा बदल घाईने करू नका, ओळखीचं खाणं दिसलं नाही तर काही पक्षी उपाशी राहतात. रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा.

हो, आणि टॉवेलात धरताना छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतो, छाती हलली नाही तर श्वासच घेता येत नाही. पहिल्या दवाखान्यातल्या मदतनीसाला हेही मलाच सांगावं लागलं.

घरी नेलकटर लावू नका. चोचीच्या आत हाड, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. सँडपेपरच्या दांड्या तर आणूच नका, चोच झिजत नाही, पाय मात्र सोलतात. त्यापेक्षा कुरतडायला मऊ लाकूड आणि कटलबोन (कटलफिश या समुद्री जिवाचं पांढरं कवच) द्या. बजीच्या (बजरीगार या छोट्या पोपटाच्या) चोचीभोवती जाळीदार पांढरी खपली दिसली तर ती बहुधा किडीची असते, तिचं औषध वेगळं.

आता आमच्याकडे चोच घासायची वेळच येत नाही. तरी दर महिन्याला मी बाजूने एक फोटो काढून ठेवते, कारण हळूहळू होणारी वाढ रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.