ग्रह शोधता ना, मग ताऱ्यातच का अडकलात?

व्याख्यानानंतर हा प्रश्न हमखास येतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगते.

दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह सहसा दिसत नाही हो! हाती येतो तो ताऱ्याचा प्रकाश. अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, तो एक टक्का घटला, तर ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या साधारण एक दशांश आहे, एवढंच कळतं. ताऱ्याची त्रिज्या 20 टक्के चुकली की ग्रहाचीही तेवढीच चुकली. केप्लर दुर्बिणीने शोधलेल्या ग्रहांचं हेच झालं होतं. मग हवाईतल्या केक दुर्बिणीवरून 1,305 ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून केलेले पट्टे, घेतले गेले, आणि 2017 मध्ये दिसलं की पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्येच्या ग्रहांची चणचण आहे. ही दरी आधीही होतीच, पण ताऱ्यांच्या ढोबळ त्रिज्यांनी ती बुजवून टाकली होती.

ती त्रिज्या काढायला ताऱ्याचं तापमान आणि पृष्ठभागावरचं गुरुत्व लागतं, आणि त्यासाठी वर्णपटातल्या लोखंडाच्या शेकडो काळ्या शोषणरेषा मोजायच्या. तापमान असं बसवायचं की कमी आणि जास्त ऊर्जापातळीवरून निघणाऱ्या रेषांनी लोहाचं प्रमाण सारखंच सांगावं. गुरुत्व असं, की उदासीन आणि आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहाचं उत्तर जुळावं. ताऱ्याच्या वायूतली सूक्ष्म खळबळ अशी, की ठळक आणि फिकट रेषांत भांडण राहू नये. एक हलवलं की उरलेली दोन हलतात. वर्णपटाची वरची पातळी, म्हणजे रेषा नसलेल्या भागाचा उजेड, एक टक्का खाली धरली तरी फिकट रेषा आणखी बारीक होतात आणि सगळं गणित पुन्हा. यात थरार नाही, कबूल.

पण खरं दुखणं वेगळं आहे. नरतुरंग तारकासमूहातला ‘मित्र’, म्हणजे अल्फा सेंटॉरी, आणि त्यातला दुसरा तारा, मित्र ब. ऑक्टोबर 2012 मध्ये जाहीर झालं की त्याच्याभोवती 3.24 दिवसांत फेरी मारणारा, किमान 1.13 पृथ्वी वस्तुमानाचा ग्रह आहे. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांच्या कुटुंबातला ग्रह! पुरावा होता चिलीतल्या हार्प्स वर्णपटमापकाची 459 मोजमापं आणि ग्रहाच्या ओढीने होणारी ताऱ्याची सेकंदाला 51 सेंटिमीटरची डगमग. रांगतं बाळ तेवढ्या वेगाने जातं. एवढ्याने वर्णपटातली रेषा पिक्सेलच्या हजाराव्या भागाहूनही कमी सरकते.

ही डगमग वर तरंगत नव्हती. आधी जोडीदार ताऱ्याची ओढ वजा केली, मग चुंबकीय चक्राचा परिणाम, मग सुमारे 38 दिवसांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातून येणारा डागांचा परिणाम, तोही दर वर्षी वेगळा बसवून. एकूण 23 चलं. उरलेल्यात 3.24 दिवसांचं शिखर, आणि ते योगायोगाने उगवण्याची शक्यता 0.02 टक्के. काम निष्काळजी नव्हतं. कोणीही प्रामाणिक माणसाने तसंच केलं असतं.

पुढे दुसऱ्या गटाने साधी गोष्ट केली. ग्रह नसलेला बनावट तारा संगणकात रचला, त्याची मोजमापं नेमक्या त्याच तारखांना घेतली आणि वजाबाकीची तीच गाळणी लावली. 3.24 दिवसांचं शिखर पुन्हा उगवलं. ते निरीक्षणांच्या वेळांतल्या खाचाखळग्यांत दडलं होतं, आणि ताऱ्याची कुरबुर, म्हणजे डागांचा आणि चक्राचा गोंधळ, वजा करता करता वर आलं होतं.

त्याआधी मीही म्हणायचे की ताऱ्याची कुरबुर म्हणजे कचरा, गाळा आणि पुढे चला. आज तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, गाळणीची जाळी कोणी तपासली? पण तिचंही अगदीच चुकत नव्हतं. काही गोष्टी खरंच सांभाळता येतात. सूर्यासारखा तारा पाच-पाच मिनिटांनी धडधडतो, म्हणून एक्सपोजर 10-15 मिनिटांचं ठेवायचं. एक्सपोजरचा मध्यक्षण एका मिनिटाने चुकला तर निव्वळ पृथ्वीच्या फिरण्याने सेकंदाला दोन मीटरपर्यंत चूक घुसते, म्हणून ढग आला-गेला तर प्रकाश किती आला हे बघून मध्य ठरवायचा. कॅल्शियमच्या 3934 आणि 3968 अँगस्ट्रॉमच्या रेषांच्या तळाशी चमक वाढली की समजायचं, ताऱ्यावर डाग आलेत. ग्रह रेषेला अख्खी सरकवतो, डाग तिला वाकडं करतात. 2001 मध्ये एचडी 166435 या ताऱ्याभोवतीचा ग्रह रेषेच्या याच वाकडेपणावरून बाद झाला.

मात्र संथ फिरणाऱ्या ताऱ्यात सेकंदाला अर्ध्या मीटरच्या सरकण्यासाठी तो वाकडेपणा दिसतच नाही. यंत्र किती सरकलं हे ओळखायला माउंट अबूच्या पारस या वर्णपटमापकात ताऱ्याच्या शेजारी, रेषांच्या जागा पक्क्या माहीत असलेल्या दिव्याचा वर्णपट घेतात. ताऱ्याचा पृष्ठभाग किती सरकला हे सांगणारा दिवा कुठून आणायचा? पृथ्वी सूर्याला सेकंदाला नऊ सेंटिमीटर हलवते, आणि डागांची गडबड त्याच्या कैक पट.

मित्र ब भोवती ग्रह नाही, असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. तो 3.24 दिवसांचा गेला, एवढंच. म्हणून अजून कॅल्शियमच्या त्याच दोन रेषा बघते आहे.