तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा देवमासा जहाजावर चढवत कसा?

आमच्या दिवाणखान्यात नॉर्वेच्या एका जुन्या कारखाना-जहाजाचा फोटो आहे. देवमाशाच्या चरबीचं तेल काढणारं जहाज. तो पाहिला की पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न: "एवढं धूड वर घेत कसं?"

घेतच नसत. निदान पहिली वीस वर्षं तरी नाही.

नॉर्वेतल्या सान्डेफियोर्ड गावच्या क्रिस्टेन्सन यांनी १९०५ साली 'अ‍ॅडमिरालेन' हे असंच कारखाना-जहाज दक्षिणेला, अंटार्क्टिकाकडे धाडलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. शिकारी बोटी देवमासा मारून ओढत आणत आणि जहाजाच्या कडेला बांधत. सोलणारे खाली होडीत उभे, हातात लांब दांड्याचे सुरे. ते चीर देत, वरून विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र, चरबीची पट्टी ओढे आणि धूड पाण्यातच कुशीवर वळे. लाटा उसळल्या की काम बंद. म्हणून शांत बंदर हवंच.

माझा जन्म इंजिन रूममध्ये गेला, त्यामुळे मला सुऱ्यांपेक्षा बॉयलरचं कुतूहल जास्त. एरवी जहाजावर वापरलेली वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा बॉयलरला देतात. इथे वाफ थेट चरबीच्या टाकीत सोडायची. ती परत कुठून येणार? म्हणजे गोडं पाणी सतत हवं. तेही किनाऱ्याजवळच मिळणार.

अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटावर दोन्ही सोयी होत्या. ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरून झालेलं बंदर ते. १९१२-१३च्या हंगामात तिथे अशी बारा जहाजं होती. चरबी काढली की उरलेलं मांस-हाडं सरळ सोडून देत. किनाऱ्यावर सडत पडे सगळं. वासाचं मात्र जेवणाआधी विचारू नका.

बंदर ब्रिटिशांच्या ताब्यातलं, त्यामुळे परवाना आणि कर आलेच. त्यातून सुटका केली नॉर्वेचे देवमासे-शिकारी पेटर सर्ले यांनी. जहाजाच्या मागच्या टोकाला उतार कापायचा आणि देवमासा त्यावरून सरळ डेकवर ओढायचा. १९२५ साली 'लान्सिंग' असा उतार घेऊन निघालं. आता भर समुद्रात काम होऊ लागलं. बंदर नको, परवाना नको.

१९३०-३१च्या एका हंगामात अंटार्क्टिकात २९,०००हून जास्त निळे देवमासे मारले गेले. तेल इतकं झालं की भाव कोसळले आणि पुढच्या हंगामात नॉर्वेची जवळजवळ सगळी जहाजं घरीच बांधून राहिली.