टबातलं पाणी चांगलंच होतं

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ताईंचा आवाज अगदी शांत होता. चिडलेलं गिऱ्हाईक परवडतं, शांत झालेलं नाही. "तुम्ही आमच्या हॉट टबला बसवलेला हीटर पुन्हा गेला. ह्या वेळी आधी का जातो ते सांगा, मग बदला."

लक्षण तेच. पंप सुरळीत, ब्लोअर, दिवे सगळं चालू. पण तापमान वाढवून हीटरची रिले ओढली की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, खटकन खाली. मुळातला एलिमेंट, म्हणजे हीटरमधली तापणारी नळी, चार वर्षं चालला होता. मी बसवलेला पाच महिने. त्याच्यानंतरच्याने चारही पूर्ण केले नाहीत.

पहिल्या वेळी मी विचारच केला नव्हता. चार वर्षांनी एलिमेंट जातो, त्यात काय नवल. दुसऱ्या वेळी खापर मालावर फोडलं. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. कोरडी असली की ती वीज अडवते आणि उष्णता बाहेर सोडते. पण ओलावा मिळाला की शोषून घेते. त्यामुळे टोकाचं सील कच्चं असेल तर गोदामात पडून राहिलेला कोरा एलिमेंटही लिकेज दाखवतो. तसंच काहीतरी असणार असं ठरवून मी दुसऱ्या लॉटमधला बसवला. फिल्टर धुतला, प्रेशर स्विच तपासला, अर्थिंग मोजलं, पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. पीएच (आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट) ७.४. ह्याहून चांगलं काय हवं!

ह्या खेपेला मल्टिमीटर काढला. टर्मिनल ते टर्मिनल साडेसतरा ओहम, म्हणजे २३० व्होल्टवरच्या ३ किलोवॅटच्या कॉइलला हवे तितकेच. तार शाबूत होती. पण टर्मिनल ते बॉडी जेमतेम साडेपाच हजार ओहम, जिथे कित्येक मेगओहम हवेत. एवढ्यातून ४० मिलिअँपिअर सहज गळतात आणि ईएलसीबी ३० ला उडतो. लोक वैतागून मला विचारतात, हा उडणारा स्विच काढून साधा टाकता येईल का. माणसं पाण्यात बसलेली असतात हो.

एलिमेंट बाहेर काढला आणि टबाच्या पायरीवरच बसलो. खरं सांगायचं तर जळका एलिमेंट मी आजवर सरळ भंगारात टाकत आलो होतो. ह्याला हॅक्सॉने आडवा कापला. आतली पांढरी पूड भुरभुरीत हवी, ती करडी आणि ओलसर, भिजलेल्या खडूसारखी. बाहेरून निळसर-काळा रंग कुठेच नाही, म्हणजे पाण्याविना तापलेला नाही. क्षाराचा थरही नाही. जड पाण्यात एलिमेंटवर पांढरं कवच चढतं, उष्णता आत कोंडते, नळी फुगून फाटते. इथे उलट होतं. धातू उघडावाघडा, मंद झालेला, आणि त्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं, काहींच्या कडेला तांबूस डाग. हे ॲसिडचं काम. गरम धातू थंड धातूपेक्षा लवकर खातं, म्हणून आधी बळी हीटरचा.

पण ॲसिड आलं कुठून? पट्टी पुन्हा बुडवली. पुन्हा ७.४. मग पट्टीचा जो चौकोन मी दोन्ही खेपांना नुसता नजरेखालून घातला होता तो नीट पाहिला: सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हात टिकवणारं रसायन, रंग तक्त्याच्या पार टोकाला. हे आपोआप येत नाही. क्लोरीनच्या गोळ्यांतून किंवा दाण्यांतून येतं. त्याची वाफ होत नाही, पाणी बदलेपर्यंत ते साठतच जातं.

"क्लोरीन कोण टाकतं?"

"बाबा. आणि सोडाही तेच टाकतात. महिन्याला डबा संपतो," ताई म्हणाल्या.

महिन्याला डबा! पीएच ७.४ वर कसा टिकत होता ते तिथेच कळलं. एका हाताने ॲसिड, दुसऱ्या हाताने सोडा.

आजोबा आलेच. "गोळी कुठे ठेवता?" विचारल्यावर त्यांनी स्किमरकडे, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या टबाच्या कडेच्या खणाकडे, बोट केलं. "तिथे जाळीत. ते तरंगणारं भांडं फुटलं. बरंच झालं, पाण्यात बसलं की सारखं अंगाला येऊन लागायचं."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा आलास ना, त्याच्या दोन-तीन महिने आधीपासून."

पंप सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास चालायचा. बाकीचे वीस तास बंद. गोळी ट्रायक्लोरची, विरघळताना चांगलंच आंबट पाणी करणारी, आणि स्किमरमधलं पाणी हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंप सुरू व्हायच्या आधी पोचलो. झाकण उचललं तर वासानेच मागे सरलो. पट्टी बुडवली तर तिचा रंगच उडाला, इतकं क्लोरीन. मग पीएच मोजायचा पेनमीटर बुडवला: ३.६. बाजूला टबात, हातभर अंतरावर, ७.४.

पंप लागला की हा सगळा घोट फिल्टरमधून, पंपातून थेट हीटरच्या नळीत. तिथून पुढे टबात पडला की शेकडो लिटरमध्ये मिसळून नाहीसा. आणि मी दर वेळी शिस्तीत नमुना घेत होतो: आधी दहा मिनिटं जेट चालवायचे, मग स्किमरपासून लांब, कोपरभर खोलीवरून पाणी घ्यायचं. नियमाने घेतलेल्या नमुन्यात ते दिसणं शक्यच नव्हतं.

टब पूर्ण रिकामा केला, पाइप धुतले, नवीन एलिमेंट बसवला. गोळ्या बंद, डायक्लोरचे दाणे सुरू. त्याचं पाणी इतकं आंबट होत नाही. पंप चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून टाकायचे. सायन्युरिक ॲसिड त्यातूनही येतं, तेव्हा तीन-चार महिन्यांनी पाणी बदलायचं, हे आजोबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मागच्या एलिमेंटचे पैसे परत केले. ताई नको म्हणाल्या, पण माल खराब असल्याचं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

आठ महिन्यांनी त्याच घरी जेटच्या कामाला गेलो. हीटरची तक्रार नव्हती, तरी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, काढून ५०० व्होल्टवर तपासला. २०० मेगओहमच्या वर. मी वायरी गुंडाळत होतो तेवढ्यात आजोबा येऊन उभे राहिले, काही न बोलता स्किमरचं झाकण उघडलं आणि रिकामी जाळी मला दाखवली.