अंधाऱ्या कॅनॉल रोडसाठी सायकलचा लाईट कुठला घ्यायचा

हडपसरच्या पुढे कॅनॉलच्या कडेने अंधारात सायकल चालवायची म्हणजे दिवे नाहीत, खड्डे भरपूर आणि वर कुत्री. शहरात लाईट लावतो तो आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून, इथे आपल्यालाच पुढचं दिसायला पाहिजे, त्यामुळे ते स्वस्तातले लुकलुकणारे लाईट इथे काही कामाचे नाहीत.

ऑनलाईन बघायला गेलं की १०००० ल्युमेन (उजेडाचं माप), ९९०० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो ते) असले आकडे दिसतात, ते सोडून सरळ पुढे जा. असल्या लाईटमध्ये असतो त्या १८६५० साइजच्या रिचार्जेबल सेलपैकी चांगल्यात चांगल्या एका सेलमध्ये साधारण ३५०० एमएएच मावतात, मग हे ९९०० आणणार कुठून? पण तसा एक चांगला सेल असला तर खरे ४०० ल्युमेन दोनेक तास आरामात मिळतात आणि कच्च्या रस्त्यावर पंधरा-वीसच्या स्पीडला तेवढे बास झाले, माझ्या मते.

बीम मात्र नीट बघून घ्या. टॉर्चसारखा गोल झोत अर्धा झाडांवर जातो आणि उरलेला समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. जर्मन नियमाप्रमाणे बनवलेल्या लाईटचा झोत वरून कापलेला असतो, भारी प्रकार आहे, पण बजेटमध्ये बसत नसेल तर साधाच घ्या आणि जरा खाली वाकवा. आणि हेल्मेटपेक्षा हँडलवरच लावा, उजेड खालून पडला की खड्ड्याची सावली दिसते.

पावसासाठी निदान आयपीएक्स ४ हवंच, म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी चालतं. सेल बदलता येत असेल तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी तोच घ्या.