शूटिंग एका संध्याकाळचं, परवान्याचं भिजत घोंगडं

प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणाऱ्या एका कीबोर्डवादकाच्या लाइव्ह कार्यक्रमाचा व्हिडिओ मी केला. तो पाहून लोक कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, एवढंच विचारतात. व्हिडिओ ज्या कागदापायी अडून बसला होता, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कार्यक्रमाचा शेवट वीसेक मिनिटांच्या एका रचनेने होता. रचना त्याची स्वतःची. फक्त मधे तो विसाव्या शतकातल्या एका संगीतकाराची सुरावट ऑर्गनवर घेतो, दोनेक मिनिटं ती फिरवतो आणि परत आपल्या वाटेला लागतो. या संगीतात ही रीत जुनीच आहे. सुरावट रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची असती तर प्रश्नच नव्हता. ते १८८१ मध्ये वारले, मूळ रचनेवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. आमचे संगीतकार मात्र इतक्या अलीकडचे की बहुतेक देशांत हक्क टिकतो ती मृत्यूनंतरची सत्तर वर्षं अजून भरायची आहेत.

‘सभागृहाने परवाना काढलाय ना?’ हे मला निदान पाच जणांनी ऐकवलं. काढलेला असतो, पण तो लोकांसमोर वाजवण्यापुरता. नुसत्या आवाजाच्या प्रती काढायच्या तर त्याचा वेगळा, मेकॅनिकल. अमेरिकेत तर एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं असेल तर कायद्याने ठरलेला दर भरला की काम होतं, मालकाला नाही म्हणता येत नाही. पण त्याच आवाजाला चित्र जोडलंत की सगळं बदलतं. तिथे लागतं सिंक लायसन्स, आणि ते देणं न देणं, किती पैसे मागणं, उत्तर देणं की न देणं, सगळं पब्लिशरच्या, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाच्या मर्जीवर.

पब्लिशरचा फॉर्म ऑनलाइन होता. तो बनवताना डोळ्यांसमोर जाहिराती आणि चित्रपटच असणार, कारण पहिला रकाना चित्रपटाचं नाव, दुसरा दिग्दर्शक आणि तिसरा ‘दृश्याचं वर्णन, पात्रं काय करत आहेत’. मी लिहिलं, ‘एक माणूस दोन हातांनी दोन वेगवेगळी वाद्यं वाजवत आहे.’ त्यावर उलट प्रश्न आला: हा माणूस त्या वाद्यांची जाहिरात करतो आहे का?

ते एक वेळ सोसलं. खरं घोडं अडलं ते ‘मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक आणि त्याचा मालक’ या रकान्यात. चित्रपटवाले एखादं तयार ध्वनिमुद्रण उचलून दृश्याखाली घालतात, त्यामुळे त्यांना दोन परवाने लागतात, एक रचनेचा आणि एक त्या ध्वनिमुद्रणाचा. आमचं ध्वनिमुद्रण आमचंच, त्याच रात्री मिक्सरवरून घेतलेलं. क्रमांक आणायचा कुठून? रकाना मोकळा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना. ‘लागू नाही’ लिहिलं तर सरकला, आणि काही दिवसांनी ‘अपूर्ण माहिती’ असा शेरा घेऊन परत आला. सविस्तर पत्र लिहिलं की हे थेट सादरीकरण आहे, वादक हाच ध्वनिमुद्रणाचा मालक आहे. उत्तरादाखल त्याच फॉर्मची लिंक पुन्हा आली, ‘कृपया सर्व रकाने भरा’ या आपुलकीच्या ओळीसह. दर वेळी सही करणारं नाव वेगळं, मजकूर तोच. फोन नंबर नाहीच. मी हात टेकायच्या बेतात होतो.

वादक मात्र निवांत. ‘अरे, इमर्सनलाही नाहीच म्हणाले होते,’ असं हसून सांगायचा. ते खरंच आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकमधला नावाजलेला कीबोर्डवादक कीथ इमर्सन याने अर्जेंटिनाचे संगीतकार गिनास्तेरा यांच्या पियानो कॉन्चेर्तोचा एक भाग घेतला तेव्हा आधी प्रकाशकाकडून नकारच आला होता. मग तो जिनिव्हाला जाऊन खुद्द गिनास्तेरांना भेटला, त्यांना आपलं रूपांतर ऐकवलं, त्यांना ते आवडलं आणि १९७३ मध्ये अल्बम आला. पण इमर्सनच्या वेळी संगीतकार हयात होते. मी कुणाचं दार ठोठावणार?

शेवटी सुचलं ते साधंच होतं, आणि ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. व्हिडिओ तयार व्हायच्या आधीच आवाजाचा अंतिम मिक्स एका डिजिटल वितरकाकडे नोंदवायचा. नोंदवला की ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख सांगणारा आयएसआरसी क्रमांक मिळतो, बारा अक्षर-अंकांचा. तो त्या मोकळ्या रकान्यात टाकला आणि मालक म्हणून वादकाचं नाव लिहिलं. फॉर्म गेला. इतके दिवस मी जे वाक्यांत समजावत होतो, ते बारा चिन्हांना पटलं.

आणि मग कळलं की रचनेचे हक्क दोन पब्लिशरांत वाटलेले आहेत. दुसऱ्याकडे लहान हिस्सा, पण त्याच्या सहीशिवाय पहिल्याची सही फुकट. पहिल्याने दर सांगितला आणि खाली ‘मोस्ट फेवर्ड नेशन्स’ची अट घातली, म्हणजे दुसऱ्याला हिस्स्याच्या प्रमाणात जास्त दिलंत तर आम्हालाही तितकंच वाढवून द्या. ही अट दुसऱ्याला पहिल्याच पत्रात कळवून टाका. आपण घासाघीस करणार नाही हे दिसलं की ते लवकर मोकळं करतात. दुसऱ्याकडे एक बाई होत्या, खऱ्याखुऱ्या, पत्राचं उत्तर देणाऱ्या. त्यांनी विचारलं ते एवढंच: किती सेकंद, कुठे दाखवणार, किती वर्षं. एका बैठकीत काम झालं. त्या पत्राची प्रत मी अजून जपून ठेवली आहे.

‘किती सेकंद’ यावरून आठवलं. लाइव्हमध्ये माणूस रंगात आला की सुरावट लांबते. आमच्याकडे ती तालमीपेक्षा बरीच लांबली. म्हणून अर्ज अंतिम एडिटवरून सेकंद मोजूनच करा. चौकशी मात्र कॅमेरे बुक करायच्या आधी सुरू करा, हक्क कुणाकुणाकडे आहेत एवढं तरी कळलेलं असू द्या.

शूटिंग? ते सुरळीत झालं. तरी काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

कीबोर्डवादक प्रेक्षकांतून दिसतो तो वाद्यांच्या पाठीमागून. खांदे, केस आणि वायरी. त्याचे हात दिसायचे तर कॅमेरा वरून किंवा त्याच्या डाव्या खांद्यामागून हवा. डाव्याच, कारण गंमत तिथेच असते. मिनिमोग सिंथेसायझरची सूर वरखाली करणारी आणि थरथरवणारी चाकं (पिच आणि मॉड्युलेशन) डावीकडे, हॅमंड ऑर्गनच्या लेस्लीचा, म्हणजे फिरत्या भोंग्याच्या स्पीकरचा, वेग बदलणारा स्विचही बहुधा डावीकडेच. उजवा हात ऑर्गनच्या वरच्या कीबोर्डवर सूर धरून असतो, डावा ड्रॉबार, म्हणजे ऑर्गनचा नाद बदलणारी दांडी, दोन घरं बाहेर ओढतो, परत येताना करंगळीनेच स्विच ढकलतो, आणि मागच्या लाकडी खोक्यातला भोंगा क्षणभर रेंगाळून मग वेग घेतो. तो क्षण टिपण्यासाठी एक छोटा कॅमेरा नुसता लेस्लीवर रोखून ठेवला होता. सगळ्या व्हिडिओत मला सर्वात आवडता शॉट तोच.

वरचा कॅमेरा ट्रसला, म्हणजे लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्याला, लावायचा तर सभागृहाच्या रिगरची (टांगण्याचं काम बघणाऱ्याची) परवानगी आणि सेफ्टी केबल दोन्ही लागतात. हे आदल्या दिवशीच उरका.

एलईडी लाइट कमी तेजावर लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्यात पट्टे दिसतात. साउंडचेकच्या वेळी लाइटवाल्याला प्रत्येक रंग अगदी मंद करून दाखवायला सांगा आणि शटर तिथेच जुळवा. गडद निळ्या-जांभळ्या उजेडात चेहरा नुसता सपाट डाग होऊन जातो, तेव्हा थोडा पांढरा मागून घ्या. न लाजता मागा.

काही जुने स्टिल कॅमेरे एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांना रेकॉर्डिंग थांबवतात. वीस मिनिटांच्या रचनेच्या ऐन मध्यात ते होऊ द्यायचं नसेल तर आदल्या गाण्याच्या टाळ्यांत सगळे कॅमेरे बंद करून नव्याने सुरू करा. आवाज ४८ किलोहर्ट्झवर, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर. कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरला एकच घड्याळ नसेल तर तासाभरात ओठ आणि आवाज, इथे बोटं आणि आवाज, एकदोन फ्रेमने सरकतात. सात किंवा तेराच्या तालात ते लगेच खुपतं. एडिटरला मात्रा मोजता येत नसतील तर वादकाला शेजारी बसवा. आमचा एडिटर चारावर कट मारत होता आणि वादक दर कटला कळवळत होता.

परवाना अखेर आला तो पाच वर्षांसाठी, ऑनलाइन दाखवण्यापुरता. कायमचा मागितला होता, त्याचा दर ऐकून आम्ही गप्प बसलो. डिस्क काढायची तर पुन्हा नवा अर्ज. म्हणून दुसरी एक एडिट करून ठेवली आहे, ती दोन मिनिटं वगळून. तिथे जोडायला वादकाने त्याच साउंडचेकमधला एक छोटा तुकडा दिला. पाच वर्षांनी तो फॉर्म पुन्हा भरायची ताकद उरली नसेल, तर ती वापरू.