दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं

३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया. आजोळी या दिवशी वेलभाज्यांची आळी घालायची पद्धत. पुण्यात गच्चीवर आळं कुठलं, म्हणून रंगाच्या २० लिटरच्या बादल्या, खाली भोकं पाडून. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुनं शेणखत सारखंच घेतलं, शिवाय दोन मुठी निंबोळी पेंड. दोडक्याचं बी मावशीनं राखेत घोळून जपलेलं. रात्रभर भिजवून बादलीत तीन-तीन टोकलं. मिरचीच्या २४ बिया ट्रेमध्ये.

६ मे. दोडका वर आला! एका रोपाच्या पानांना बीचं काळं टरफल अजून चिकटलेलं. अशा वेळी ओढू नका, पान तुटतं. पाण्याचे दोन थेंब सोडले, संध्याकाळपर्यंत आपसूक गळून पडलं.

२८ मे. मिरचीचं वाईट झालं. यंदा मे महिना पावसातच गेला, २६ तारखेला तर मोसमी पाऊस पुण्यात पोचलाही. ट्रे उघड्यावर राहिला आणि रोपं कोलमडली. मातीलगत देठ दोऱ्याएवढा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं, पानं मात्र हिरवीच. उरलेली ९ रोपं पत्र्याखाली घेतली, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घातलं, आता पाणी खालून, ताटलीतूनच. पुढच्या वर्षी ट्रे पहिल्यापासून आडोशालाच.

१० जून. दोडक्याला नर फुलांचे घोस.

२२ जून. आठ दिवसांत पाच मादी फुलं आली, पाचही पिवळी पडून गळाली. खत कमी पडलं असेल म्हणून गांडूळ खत दिलं, उपयोग शून्य. खरी चूक वेळेची होती. नर फुलातले परागकण मादी फुलाला लावायला मी रोज सकाळी ब्रश घेऊन गच्चीवर जायचो आणि फुलं मिटलेली बघून परत यायचो. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, घोसाळ्याचंही पहाटे. दोडक्याचं मात्र दिवस कलल्यावर! काल साडेसहाला गेलो तर अख्खा मांडव पिवळाधमक. मादी फूल ओळखायला सोपं: ते एकटं असतं आणि पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढा, शिरा उठलेला दोडका आधीच असतो. ताजं नर फूल तोडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि पुंकेसर हलक्या हातानं मादी फुलात फिरवले. पिवळी पूड चिकटलेली दिसेपर्यंत. पाऊस असेल तर फुलावर छत्री धरून करा, परागकण भिजले की कष्ट वाया.

२६ जून. काल नाही, परवा नाही, आज खात्री झाली: दोडका धरला. देठ खाली वळलाय आणि फळ करंगळीएवढं लांब.

६ जुलै. पहिले दोन काढले. शिरांची चटणी केली, तीळ आणि सुकं खोबरं घालून. तिसऱ्याला लाल दोरा बांधलाय. तो वेलीवरच वाळू द्यायचा, बी खुळखुळेपर्यंत. मावशीला त्यातलं मूठभर परत द्यायचंय.