हाशेकला कुणी थांब म्हणायचं?

२२ फेब्रुवारी

आज चेक लोकांच्या १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधल्या आइस हॉकी विजयाचा दिवस, त्यामुळे सकाळपासून त्यांचा गोलकीपर डॉमिनिक हाशेक डोक्यात आहे. त्यानं तरुणपणी इतिहास आणि चेक भाषा शिकवण्याचं शिक्षण घेतलं होतं. मी इतिहास शिकवते, तेवढ्या धाग्यावरून त्याच्याविषयी वाचायला घेतलं आणि त्याच्या जुन्या मॅचेसमध्ये गुंतून गेले. आइस हॉकीतलं मला आजही फारसं कळत नाही. गोलकीपर मात्र कळतो.

सगळे त्याच्या लवचिकपणाचं कौतुक करतात. पाठीवर पडून पाय हवेत, स्टिक सोडून देऊन हातानं पकडलेला पक (या खेळातली रबरी चकती), आडवं लोळण घेऊन अडवलेला गोल. पहिल्यांदा बघताना वाटतं, याचा तोल गेला. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर दिसतं की समोरच्याचा फटका सुटेपर्यंत तो धीर धरून असतो आणि मगच अंग टाकतो. हा धीर त्याच्यात कुठून आला असेल, हे त्याची कारकीर्द पाहिली की उमगतं.

१९८३ मध्ये एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या लीगमधल्या शिकागोच्या संघानं त्याची निवड केली, पण चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट होती. तो अमेरिकेत पोचला १९९० मध्ये. तिथे गोलकीपर एड बेलफोर फॉर्मात, म्हणजे हाशेक बहुतेक वेळ बाकावर. १९९२ मध्ये बफेलोला गेला, तर थोड्याच महिन्यांत तिथे ग्रँट फ्यूर हा गोलकीपर येऊन बसला. एडमंटनकडून अनेकदा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेला माणूस! पुढच्या मोसमात फ्यूर जखमी झाला आणि गोलची जागा हाशेकला मिळाली. वय जवळजवळ २९. त्या मोसमात त्यानं सामन्यामागे सरासरी १.९५ च गोल होऊ दिले. दोनच्या खाली कुणी येऊन वीस वर्षं झाली होती. एप्रिल १९९४ मध्ये न्यू जर्सीविरुद्धचा सामना चौथ्या जादा डावापर्यंत लांबला. हाशेकनं ७० फटके अडवले, बफेलो १-० नं जिंकलं. पुढे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक त्याला दोनदा मिळाला. दुसऱ्या कुठल्याही गोलकीपरला तो दोनदा मिळालेला नाही.

आणि नागानो, १९९८. एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदाच ऑलिंपिकला आले होते. उपांत्य फेरीत कॅनडाशी १-१ बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट. चेककडून रॉबर्ट राइखेलनं पहिलाच फटका आत घातला. कॅनडाकडून फ्ल्युरी, बूर्क, न्यूवेन्डाइक, लिंड्रोस, शॅनहन. एकामागून एक आले आणि पाचही जण हात हलवत परत गेले. कॅनडाचा महान खेळाडू वेन ग्रेट्स्की बाकावर बसून हे बघत होता, प्रशिक्षकानं त्याला पाठवलंच नाही. शॅनहनचा फटका अडवल्यावर हाशेक ज्या उड्या मारत सुटतो, ते बघताना मला दर वेळी भरून येतं.

अंतिम सामना रशियाशी होता, म्हणजे माझ्या विषयातला. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले, त्याला तेव्हा तीस वर्षं होत होती. संघातला यारोमिर यागर त्याच वर्षाच्या आठवणीसाठी ६८ नंबर घालायचा. स्वोबोदाच्या एकमेव गोलवर चेक जिंकले. हाशेकनं रशियाला एकही गोल करू दिला नाही. मायदेशी लोक घोषणा देत होते: ‘हाशेकला राष्ट्रपती करा!’

१९९९ ची एनएचएलची अंतिम मालिका बफेलोविरुद्ध डॅलसनं जिंकली. शेवटच्या गोलच्या वेळी डॅलसच्या ब्रेट हलचा पाय गोलपुढच्या निळ्या भागात होता, बफेलोचे लोक तो गोल आजही मानत नाहीत. मीही त्यांच्याच बाजूची.

२००२ मध्ये डेट्रॉइटकडून स्टॅन्ली कप जिंकून त्यानं निवृत्ती घेतली आणि वर्षभरात परत आला. आमच्या शाळेतले खेळाचे सर म्हणतात, शिखरावर असताना थांबला असता तर शोभलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. ज्याची अमेरिकेतली पहिली वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसण्यात गेली, त्यानं चाळिशीत खेळू नये असं कुणी ठरवायचं? नंतर त्याला दुखापती झाल्या, २००८ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, त्याची जागा क्रिस ऑसगुडकडे गेली. कप पुन्हा डेट्रॉइटनं जिंकला, हाशेक मात्र बाकावर होता. परत निवृत्ती. आणि मग तो पार्दुबिसला, आपल्या गावच्या संघात खेळायला गेला. सोळाव्या वर्षी तो तिथूनच पहिल्यांदा मोठ्या संघात खेळला होता. २०१० मध्ये, पंचेचाळीस वर्षांचा असताना, त्यानं पार्दुबिसला चेक लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. उद्या सरांना हे सांगणार आहे.